सकाळी ढग, दुपारी वाळवंट: सॅन डिएगो परिसराचा हवामान अंदाज कसा वाचावा

जूनमधल्या एखाद्या सकाळी ला होयाच्या किनाऱ्यावर तापमान ६४ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १८ अंश सेल्सिअस असते, आकाश राखाडी असते आणि गाडीच्या काचेवर बारीक भुरभुर साचलेली असते. त्याच दुपारी, मोटारीने दोन तासांच्या अंतरावर असलेल्या बोरेगो स्प्रिंग्ज या गावात पारा १०६ अंशांवर, म्हणजे ४१ सेल्सिअसवर पोहोचलेला असतो. दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे भारतातून आई-वडील येतात ते बहुधा एप्रिल ते सप्टेंबर या काळात, आणि नेमक्या याच काळात ही तफावत सर्वांत मोठी असते. फोनवर "सॅन डिएगो, कमाल तापमान ७१" एवढे पाहून सहलीला निघालेल्या कुटुंबाची त्यामुळे दोन्ही बाजूंनी गैरसोय होते: समुद्रावर ज्येष्ठ मंडळी कुडकुडतात आणि डोंगर उतरल्यावर त्यांनाच गाडीबाहेर पाऊल ठेवता येत नाही.

या परिसराचा अंदाज एका आकड्यात सांगता येत नाही, हे तर झालेच. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की किनाऱ्यावरचे ढग आणि आतल्या वाळवंटातला उकाडा या दोन वेगळ्या बातम्या नाहीत. दोन्ही एकाच रचनेची टोके आहेत, आणि ती रचना एकदा समजली की सकाळी दहा मिनिटांत संपूर्ण दिवसाचा अदमास बांधता येतो. तो कसा बांधावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

पहिले काम: आपली उंची माहीत करून घेणे

राष्ट्रीय हवामान सेवेचे सॅन डिएगो कार्यालय ज्या भागाचा अंदाज देते, त्यात सॅन डिएगो आणि ऑरेंज हे परगणे आणि रिव्हरसाइड परगण्याचा पश्चिम व सॅन बर्नार्डिनो परगण्याचा नैऋत्य भाग येतो. हा मुलूख किनारा, आतली खोरी, डोंगर आणि वाळवंट अशा चार पट्ट्यांत विभागलेला असतो. सह्याद्री ओळखणाऱ्या माणसाला ही मांडणी अवघड जाऊ नये. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि घाट उतरून वाईला आले की कोरडी हवा, हा पर्जन्यछायेचा अनुभव आपल्याला आहेच. येथेही समुद्राकडून येणारी ओल डोंगर अडवतो आणि पलीकडे वाळवंट उरते. फरक एवढाच, की कोकणचा समुद्र उबदार आहे आणि येथला थंड आहे. सगळी गंमत त्या थंडपणात आहे.

आपण जेथे राहतो आणि जेथे जाणार आहोत, त्या ठिकाणांची समुद्रसपाटीपासूनची उंची एका कागदावर लिहून ठेवावी. पोवे सुमारे ५०० फूट, एस्कॉन्डिडो सुमारे ६५०, रमोना १,४०० च्या आसपास, अल्पाइन १,८००, ज्युलियन ४,२००, माउंट लगुना जवळपास ६,०००, आणि डोंगर उतरून पलीकडे बोरेगो स्प्रिंग्ज पुन्हा ६०० फूट. उत्तरेकडे पाम स्प्रिंग्ज ५०० फुटांहून किंचित खाली आहे, आणि त्याच खोऱ्यातले इंडिओ तर समुद्रसपाटीच्याही खाली आहे. पुढची प्रत्येक पायरी या आकड्यांवर अवलंबून असल्यामुळे हे काम टाळू नये.

दुसरे: ढगांचा थर किती जाड आहे

उन्हाळ्यात उत्तर प्रशांत महासागरावर जास्त दाबाचे मोठे क्षेत्र ठाण मांडून असते. त्यात हवा वरून खाली उतरते आणि उतरताना दाबली जाऊन तापते. खाली मात्र कॅलिफोर्नियाचा थंड सागरी प्रवाह आणि तळातून वर येणारे थंड पाणी यांमुळे समुद्रालगतची हवा गार व ओलसर राहते. एरवी वर जावे तसे थंड होत जाते. येथे काही शे किंवा काही हजार फुटांवर अचानक उबदार हवा लागते. या उलट्या रचनेला इन्व्हर्जन म्हणतात. ती झाकणासारखी बसते, आणि झाकणाखालच्या गार हवेच्या थराला येथील लोक मरीन लेयर म्हणतात. रात्री त्या थराच्या वरच्या भागात ओल साकळून राखाडी स्तरमेघ तयार होतात. मे महिन्यात त्यांना "मे ग्रे" आणि जूनमध्ये "जून ग्लूम" म्हणण्याचा प्रघात आहे.

आता कळीचा भाग. हे झाकण खाली दाबले गेले, तर ढगांचा थर पातळ होतो, किनाऱ्याच्या जवळच अडकतो आणि जमिनीला टेकून दाट धुक्याचे रूप घेतो. पण झाकण दाबले जाते तेव्हा वरच्या थरांत दाब वाढलेला असतो, हवा जोरात खाली उतरत असते, आणि याच स्थितीत खोऱ्यांत व वाळवंटात सर्वाधिक उष्मा होतो. उलट वरून कमी दाबाचा पट्टा सरकत आला, तर झाकण उचलले जाते, थर ३,००० फुटांपलीकडे जातो, ढग खोऱ्यांत आतपर्यंत शिरून डोंगराच्या पश्चिम उतारांना भिडतात, पहाटे भुरभुर पडते आणि वाळवंटही थोडे निवते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की किनाऱ्याच्या रस्त्यावर सकाळी शंभर पावलांवरचे दिसेनासे झाले असेल, तर "आज हवा गार आहे, वाळवंटात जाऊ या" हा निष्कर्ष नेमका उलटा ठरण्याची शक्यता असते. ढग पुष्कळ उंच असतील, घरापासून दूर डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरले असतील आणि भुरभुर पडत असेल, तर तो दिवस वाळवंटासाठी त्यातल्या त्यात सौम्य असतो.

किनाऱ्यासमोरच्या समुद्रात कधी कधी घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारा वाऱ्याचा भोवरा तयार होतो. सँटा कॅटालिना बेटाच्या नावावरून त्याला कॅटालिना एडी म्हणतात. तो झाला की थर एका रात्रीत जाड होतो. काल दहाला उघडलेले आकाश आज दुपारपर्यंत बंद राहते. अंदाजात हा शब्द दिसला, तर सकाळच्या समुद्रभेटीचा बेत दुपारवर ढकलणे शहाणपणाचे.

तिसरे: आकड्यांच्या आधी चर्चा वाचणे

हवामान सेवेच्या वेदर डॉट गव्ह या संकेतस्थळावर ठिकाणाचे नाव घालून नकाशावर नेमका बिंदू निवडता येतो, आणि त्या छोट्या चौकोनापुरता सात दिवसांचा अंदाज मिळतो. फोनमधला शहरापुरता अंदाज बहुधा उपसागराकाठच्या विमानतळाजवळचा असतो, म्हणून तो पोवे किंवा एस्कॉन्डिडोला लागू पडत नाही. पण माझा आग्रह याहून वेगळा आहे. त्याच पानावर हवामानतज्ज्ञांनी गद्यात लिहिलेली "फोरकास्ट डिस्कशन" असते, दिवसातून निदान दोनदा नव्याने लिहिली जाते, आणि ती आधी वाचावी. आकडा काय होणार ते सांगतो. चर्चा का होणार आणि तज्ज्ञांना त्याची कितपत खात्री आहे ते सांगते.

तीत काही शब्दप्रयोग वारंवार येतात. "नाइट अँड मॉर्निंग लो क्लाउड्स" म्हणजे नेहमीचे चक्र, रात्री ढग येतील आणि सकाळी उशिरा विरतील. "ऑनशोर फ्लो" म्हणजे शाळेत शिकलेले खारे वारे, पण येथे हा शब्द दाबातल्या फरकामुळे एकूणच समुद्राकडून आत जाणाऱ्या प्रवाहासाठी वापरतात. तो "स्ट्राँग" असेल तर किनाऱ्यावर ढग रेंगाळतील आणि डोंगरातल्या खिंडींत जोराचा वारा सुटेल. "रिज" म्हणजे वरच्या थरातला जास्त दाब, अर्थात आत उकाडा. "ट्रफ" म्हणजे कमी दाबाचा पट्टा, अर्थात जाड थर आणि तापमानात उतार. "स्लो टू क्लिअर" हे शब्द समुद्रकिनाऱ्याबद्दल असतील, तर वाळूत बसण्याचा बेत दुपारी दोननंतरच ठेवावा.

चौथे: ढगाचा तळ आणि माथा शोधणे

बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि फसतात. चर्चेच्या शेवटी वैमानिकांसाठी एक परिच्छेद असतो. त्यात "तळ १,००० ते १,४०० फूट, माथा १,८०० फूट" अशा धर्तीचे वाक्य असते, आणि या उंच्या समुद्रसपाटीपासूनच्या असतात. आता पहिल्या पायरीतला कागद काढावा. तळ १,२०० आणि माथा १,८०० असेल, तर ६५० फुटांवरच्या एस्कॉन्डिडोवर डोक्यावर ढग दिसेल, पण खाली रस्ता स्वच्छ असेल. १,४०० फुटांवरचे रमोना मात्र त्याच ढगाच्या पोटात असेल. तेथे तो ढग नसून दाट धुके आहे, आणि दोन पदरी वळणदार रस्त्यावर समोरचे दिसणार नाही. ४,२०० फुटांवरचे ज्युलियन ढगाच्या पुष्कळ वर, पहाटेपासून निळ्या आकाशाखाली असेल. इन्व्हर्जनच्या लगेच वर असलेल्या टेकड्यांवर रात्रीही खालच्या किनाऱ्यापेक्षा गरम असते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. वर जाऊ तसा गारवा, हा आपला लोणावळा-माथेरानचा हिशेब येथे उन्हाळ्यात निम्म्या वाटेवर चुकतो.

विमानतळांवरील ताज्या नोंदीही पाहता येतात, पण त्यांत एक फरक लक्षात ठेवावा. त्या नोंदींत ढगाची उंची जमिनीपासून मोजलेली असते. कार्ल्सबॅडचा विमानतळ सुमारे ३३० फुटांच्या पठारावर आहे. तेथे ढग ७०० फुटांवर नोंदला असेल, तर समुद्रसपाटीपासून तो सुमारे १,००० फुटांवर आहे. हे दोन हिशेब एकमेकांत मिसळले, की सगळा ताळमेळ बिघडतो. हौस असेल त्यांनी मिरामार येथून पहाटे आणि संध्याकाळी सोडल्या जाणाऱ्या हवामान-फुग्याचा आलेखही पाहावा. तापमानाची रेघ जेथे एकदम उजवीकडे, म्हणजे उष्णतेकडे वळते, तेथे झाकण.

ढग केव्हा विरणार, हे ठरवण्यासाठी सकाळी आठ-साडेआठला उपग्रहाची चित्रे चलतरूपात पाहावीत. गोज-वेस्ट उपग्रहाची नवी प्रतिमा दर काही मिनिटांनी येते. ढग आतल्या, पातळ कडेकडून समुद्राकडे विरत जातात, म्हणून पोवे उघडले तरी किनाऱ्यावरचे डेल मार बंद असू शकते. कधी उलटेही घडते आणि किनारा आधी मोकळा होतो. दोन प्रतिमांमध्ये कडा किती सरकली, हे पाहून आपल्या ठिकाणाला किती वेळ लागेल याचा अंदाज कोणालाही करता येतो. ढगांमुळे ऊन लागणार नाही, असे मात्र समजू नये; पातळ स्तरमेघांतून अतिनील किरण पुरेसे येतात.

पाचवे: वाळवंटाचा आकडा नीट तोलणे

माझे एक ज्येष्ठ नातेवाईक चंद्रपूरचे. "आम्ही ४६ अंश पाहिले आहेत, तुमच्या ४२ चे काय" असे ते म्हणाले आणि दुपारी एक वाजता बोरेगोच्या पायवाटेवर उतरले. वीस मिनिटांत त्यांना डोके जड झाल्याची जाणीव झाली, आणि आम्ही वेळीच गाडीत परतलो म्हणून निभावले. विदर्भातला माणूस उन्हात जातो तो उपरणे बांधून, सावली धरून, कामापुरता. आणि महिनाभर हळूहळू तापत गेलेल्या हवेला शरीर सरावलेले असते. येथे तोच माणूस तीन आठवडे १८ ते २२ अंशांत राहिलेला असतो आणि दोन तासांत थेट भट्टीत उतरतो. सराव नसलेल्या शरीराला ४० सुद्धा जास्त होतात. त्यातच हवा इतकी कोरडी असते, की घाम आला हे कळतच नाही. तो अंगावर दिसण्याआधी उडून जातो.

म्हणून कमाल तापमानासोबत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, रात्रीचे किमान तापमान: ते ८५ अंशांच्या वर, म्हणजे २९ सेल्सिअसहून अधिक राहणार असेल, तर मुक्कामातही शरीराला विसावा मिळत नाही. दुसरी, हवामान सेवेचा "हीटरिस्क" नकाशा. त्यात हिरव्यापासून जांभळ्यापर्यंत पाच रंग असून तो केवळ तापमान नव्हे, तर त्या ठिकाणी त्या दिवसांत ते किती असामान्य आहे आणि रात्री उतरते की नाही, हेही धरतो. घरात साठी ओलांडलेली माणसे किंवा लहान मुले असतील, तर नारिंगी रंगाच्या दिवशी दुपारची सहल टाळावी, आणि लाल किंवा जांभळ्या दिवशी वाळवंटाचा बेतच रद्द करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वांत गंभीर इशाऱ्याचे नाव मार्च २०२५ पासून "एक्स्ट्रीम हीट वॉर्निंग" असे झाले आहे. त्याआधीच्या लेखांत "एक्सेसिव्ह हीट" असे शब्द सापडतील. पाम स्प्रिंग्जमध्ये ५ जुलै २०२४ रोजी १२४ अंश, म्हणजे ५१ सेल्सिअस, हा तेथील विक्रमी आकडा नोंदला गेला.

एखाद्या जागेचा अंदाज हाताशी नसेल, तर डोंगरावरच्या तापमानावरून खालचा अदमास काढता येतो. कोरडी हवा उतारावरून खाली येताना दर हजार फुटांना सुमारे साडेपाच अंश फॅरनहाइटने तापते. ज्युलियन ते बोरेगो उतार ३,६०० फुटांचा आहे, म्हणजे सुमारे २० अंशांची भर. ज्युलियनला दुपारी ८५ असेल, तर खाली १०५ धरून चालावे.

सहावे: वाट

घाटांचा विचार तीन धोक्यांनी करावा: धुके, वारा आणि गाडीचे तापणे. धुक्याची जागा चौथ्या पायरीत कळलीच आहे. ढगाचा तळ आणि माथा यांच्यामधला रस्त्याचा जेवढा तुकडा, तेवढाच धोक्याचा. तेथे दिवे खालच्या झोतावर ठेवावेत, कारण वरचा झोत धुक्यावरून परत डोळ्यांवर येतो. वारा मुख्यतः दुपारनंतर ते रात्रीपर्यंत, डोंगराच्या वाळवंटाकडील उतारांवर आणि सॅन गोरगोनिओ खिंडीत जोर धरतो. सॅन हासिंतो आणि सॅन गोरगोनिओ या दोन उंच शिखरांमधली ही फट समुद्राकडच्या गार हवेला वाळवंटात शिरायला वाट देते, आणि तेथे पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे ती त्यामुळेच. किनाऱ्यावर जाड ढगांचा दिवस असेल, तर या खिंडीत वाळू उडवणारा वारा गृहीत धरावा.

परतीची चढण गाडीला जड जाते. वाळवंटातल्या ओकोटिओ गावाहून पश्चिमेकडे आंतरराज्य महामार्ग ८ वर चढताना इंजिन तापू नये म्हणून वातानुकूलन बंद करण्याची सूचना देणारे फलक आहेत. ते मनावर घ्यावेत आणि ही चढण भर दुपारी न ठेवता सूर्य कलल्यावर ठेवावी. निघण्यापूर्वी टायरमधली हवा आणि कूलंट तपासावे, इंधन डोंगराच्या अलीकडे भरावे, आणि रस्ता बंद आहे का ते क्विकमॅप या राज्याच्या रस्ते-नकाशावर पाहावे. बोरेगोभोवतीच्या अँझा-बोरेगो या राज्य उद्यानाच्या बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्यावा आणि परतण्याची वेळ घरी कळवून ठेवावी.

सातवे: प्रत्यक्ष दिवस

माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी धरावे आणि वर थोडे जादा ठेवावे. मीठ-साखरेचे पाणी, लिंबू सरबत किंवा ताक यांचा उपयोग होतो. सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि रुंद काठाची टोपी पुरेशी आहे. चालायचे असेल, तर सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत चालावे. दहानंतर पायवाट सोडावी. बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान सुमारे २० अंश फॅरनहाइटने वाढते, त्यामुळे मूल, वृद्ध माणूस किंवा कुत्रा यांना क्षणभरही आत ठेवू नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी अशा प्रवासाआधी डॉक्टरांशी बोलावे. चक्कर, मळमळ आणि पायात गोळे ही थांबण्याची खूण. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून ताबडतोब ९११ ला फोन करावा आणि मदत येईपर्यंत सावलीत नेऊन अंग ओले करून वारा घालत राहावे.

पाहुण्यांना वाळवंट दाखवायचेच असेल आणि अंदाज प्रतिकूल असेल, तर दोन पर्याय आहेत. सनराइज हायवेवरून, लगुना डोंगराच्या काठावर उभे राहून, हजारो फूट खालचे वाळवंट गार वाऱ्यात पाहता येते. किंवा पाम स्प्रिंग्जच्या एरियल ट्रामवेने, म्हणजे रोपवेने, ८,५१६ फुटांवर जावे, जेथे खालच्यापेक्षा ३० ते ४० अंश फॅरनहाइट कमी तापमान असते.

महिना बदलला की

वरचे सर्व मे-जूनला सर्वाधिक लागू पडते. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आग्नेयेकडून मान्सूनची ओल येते, आणि दुपारी डोंगरांवर व वाळवंटात गडगडाटी पाऊस होऊ शकतो. चर्चेत "मान्सूनल मॉइश्चर" आणि "फ्लॅश फ्लड" हे शब्द आले, तर कोरड्या ओढ्यांच्या पात्रात गाडी उभी करू नये. पाऊस दूर डोंगरावर पडतो आणि लोंढा स्वच्छ आकाशाखाली येतो. हिलरी वादळाच्या वेळी, ऑगस्ट २०२३ मध्ये, पाम स्प्रिंग्जकडचे मुख्य रस्ते पाण्याखाली गेले होते. सप्टेंबरअखेरीपासून सँटा आना वारे सुरू होतात आणि सगळे गणित पालटते: वारा वाळवंटाकडून समुद्राकडे वाहतो, डोंगर उतरताना तापतो, आणि ढग नाहीसे होऊन किनाराच होरपळतो. सॅन डिएगो शहराचा विक्रमी १११ अंशांचा आकडा २६ सप्टेंबर १९६३ चा आहे, भर उन्हाळ्यातला नव्हे. अशा दिवशी उंचीचा कागद बाजूला ठेवून वाऱ्याचे आणि वणव्याचे इशारे वाचावेत.

नेहमीच्या जूनमधल्या दिवशी मात्र संध्याकाळी परतताना ज्युलियनच्या उतारावरून पश्चिमेकडे पाहावे. ढगांचा पांढरा काठ खोऱ्यांत किती आत शिरला आहे ते तेथून दिसते, आणि रमोनाच्या खाली आपण त्यात केव्हा शिरणार हेही कळते. दुपारी १०५ मध्ये काढलेले स्वेटर आणि शाली त्याआधीच डिकीतून काढून मागच्या आसनावर ठेवाव्यात, कारण घरी उतरताना बाहेर पुन्हा ६४ असतील.